उरलेला टाइमआऊट

अकरा सेकंद.
एकसष्ट–साठ, आम्ही एकानं मागे.
रिबाउंड टेगनच्या हातात पडला तेव्हा
माझ्याकडे एक टाइमआऊट शिल्लक होता,
तीस सेकंदांचा.
तो मागायला दोन तळहात पुरतात,
एक आडवा, एक उभा.

"घ्या!" शेजारून डेलोरिस ओरडली.
तिच्या मांडीवरच्या फळीवर डाव काढून तयार होता,
निळ्या मार्करनं, बाण आणि फुल्या,
शवाना कुठून वळणार, कोण कुणाला अडवणार.
मी हात कोटाच्या खिशात घातले.

गेल्या फेब्रुवारीत, याच कोर्टवर,
मी हात वर केले होते.
शिट्टी वाजली
आणि शिट्टीच्या पाठोपाठ मारेनचा चेंडू
जाळीतून अलगद खाली आला.
धरला गेला नाही.
पंचांनी हात असे हलवले, जणू काच पुसताहेत.
मारेन बास्केटखाली उभी,
चेंडू टपटपत टपटपत
चीअरलीडर मुलींच्या पिशव्यांपाशी जाऊन थांबेपर्यंत बघत राहिली.
तिचं शेवटचं वर्ष होतं ते.
पुढच्या तीस सेकंदांत मी काय बोलले, आठवत नाही.
समोरच्यांनी तेवढ्यात बचाव लावून घेतला,
पाहुणे यायच्या आत घर आवरावं तसा.

दुधानं तोंड पोळलेलं माणूस
ताक फुंकून पितं म्हणतात.
मी तर यंदा पेल्याला हातच लावला नाही.

नऊ. आठ.
टेगन अठरा वर्षांची,
नदीकाठच्या बीटच्या शेतांतून आलेली,
धावताना अजून ढेकळं चुकवल्यासारखी पावलं टाकते.
मधली रेषा ओलांडली तिनं. सहा.
समोरची लांब हातांची मुलगी मागे पळतेय,
तिच्या जोडीदारणी अजून एकमेकींना शोधताहेत,
म्हणजे माझा हिशेब बरोबर होता,
हे मला आजही कुणालाही कागदावर दाखवता येईल.
चार.
आणि तिनं बाकाकडे बघितलं.

पाव सेकंद असेल. त्याहून कमीच.
मी मान हलवली, जा.

रिंगच्या मागच्या कडेवर, मग पुढच्या,
मग बाहेर.

रेडिओवाल्या ऑरिननं विचारलं,
टाइमआऊट का ठेवलात?
मी म्हणाले, त्यांचा बचाव विस्कळीत होता.
खरं होतं ते.
खिशात माझ्या मुठी कशा वळल्या होत्या,
ते त्यानं विचारलं नाही.

उद्या सकाळी पेट्रोल पंपावर वेंडेल म्हणेल,
मी असतो तर घेतला असता.
गेल्या वर्षी म्हणाला होता,
मी असतो तर खेळू दिलं असतं.
कॉफीचे पैसे त्यानं तेव्हाही घेतले नव्हते.

उरलेला टाइमआऊट पुढच्या सामन्यात चालत नाही.
परक्या देशातून परतल्यावर
पाकिटात सापडलेल्या नाण्यासारखा
तो माझ्यासोबत पार्किंगपर्यंत आला.

उणे बावीस.
दिव्याखाली एकच पिकअप,
आणि टेगन
कॉलेजच्या ओळखपत्रानं काचेवरचा बर्फ खरवडतेय.
केस ओले, टोपी नाही.
मी माझ्या गाडीतली खरवडणी आणून दिली.
तिनं घेतली, पण हात चालवला नाही.

"कोच, मी बघितलं होतं तुमच्याकडे."
"हो."
"तुम्ही थांबवाल असं वाटलं."
वाफ आमच्या दोघींच्या मध्ये थांबली, विरली.
"म्हणजे," ती म्हणाली, "थांबवू नये असंही वाटत होतं."

मारेनचं सांगावं असं फार आलं तोंडाशी.
सांगितलं नाही.
तिच्या हातातलं ओळखपत्र घेतलं,
कडेला भेगाळलेलं, फोटोत ती हसतेय,
आणि काचेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन
खरवडायला लागले.

ती तिकडून, मी इकडून.
किती वेळ लागला, कुणी मोजला नाही.
मधोमध एक पट्टा राहिला होता,
तो तिनं नखानं काढला.